सहा पट्ट्यांची गाठ

लाकडाच्या सहा सारख्या पट्ट्या घ्यायच्या, त्यांच्या मधोमध खाचा पाडायच्या आणि त्या एकमेकींत अशा अडकवायच्या की दोन उभ्या, दोन आडव्या आणि दोन समोरून मागे जाणाऱ्या, अशी तिन्ही दिशांना हात पसरलेली घट्ट गाठ तयार होते. खिळा नाही, स्क्रू नाही, सरसाचा थेंब नाही. चीनमध्ये अशा कोड्यांना लू बान या दंतकथेतल्या सुताराचं नाव आहे. न्यूरेंबर्गच्या बेस्टेलमायर या खेळणी विक्रेत्याच्या १८०३ सालच्या यादीतही हे कोडं सापडतं. आणि घडवायचं झालं तर नागपूरइतकी सोयीची जागा कमी ठिकाणी मिळेल. लकडगंजात लाकडाचा बाजार आहे, चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतला साग जवळ आहे. दिल्लीच्या नव्या संसद भवनासाठीही साग नागपुरातूनच गेला. आरामशीनवर उरलेले सागाचे लहान तुकडे आपल्या कामाला पुरतात.

पण लाकूड नंतर. आधी वही आणि पेन्सिल.

पट्टीची जाडी २४ मिलिमीटर बाय २४ मिलिमीटर धरू. तिचे निम्म्या जाडीचे, म्हणजे १२ मिलिमीटरचे घन मनात कल्पायचे. पट्टीच्या आडव्या छेदात असे चार घन बसतात. सहा पट्ट्या, एकही खाच न पाडता, आपापल्या जागी ठेवल्या असं क्षणभर समजा. प्रत्यक्षात ते अशक्य आहे, कारण मधल्या भागात त्या एकमेकींच्या अंगात घुसतात. नेमके किती घन असे वादात सापडतात, ते मोजता येतं. एकूण ३२. त्यांतल्या २४ घनांवर दोन-दोन पट्ट्यांचा हक्क आहे आणि अगदी गाभ्यातल्या आठ घनांवर तीन-तीन पट्ट्यांचा. प्रत्येक पट्टीच्या वाट्याला असे १२ वादग्रस्त घन येतात. ताळा करून बघा: सहा पट्ट्यांचे बारा-बारा म्हणजे ७२, आणि २४ दुणे ४८ अधिक आठ त्रिक २४, तेही ७२.

कोडं रचणं म्हणजे या ३२ जागांचा सातबारा लिहिणं. प्रत्येक घनावर एकाच पट्टीचं नाव लागलं पाहिजे. ज्या पट्टीचं नाव लागलं नाही, तिच्या अंगातून तेवढा घन कापून टाकायचा. तीच खाच. सगळ्या ३२ घनांना मालक मिळाला तर आतून भरीव गाठ होते. काही घन कुणालाच दिले नाहीत तर आत पोकळी राहते. पोकळीकडे पुढे येऊ.

भरीव गाठीत हे वाटप किती प्रकारे करता येईल? आठ घनांना तीन-तीन पर्याय आणि २४ घनांना दोन-दोन. गुणाकार केला तर ११ हजार कोटींहून जास्त वाटपं होतात. यात नुसती फिरवून पुन्हा तीच दिसणारी रूपं आली, तुकडे पडणारी वाटपंही आली. एखादा घन एका पट्टीला दिला, पण त्याचा एकही चेहरा त्या पट्टीच्या उरलेल्या अंगाला चिकटलेला नसेल, तर तो हातात सुटा येणार. कडेला कड किंवा कोपऱ्याला कोपरा टेकणं लाकडात कामाचं नाही.

हे सगळं गाळूनही मुख्य प्रश्न उरतोच, आणि माझ्या मते या कोड्याचा जीव त्यातच आहे. कागदावर सहाही पट्ट्या बिनचूक बसल्या, एकही घन दोघींच्या नावावर नाही, एकही जागा रिकामी नाही, तरी ती गाठ प्रत्यक्षात बांधता येईलच असं नाही. बसलेल्या अवस्थेचं चित्र काढणं ही भूमिती झाली. त्या अवस्थेपर्यंत पोचण्याची वाट असणं ही वेगळीच गोष्ट. पाच पट्ट्या हातात गुंफून झाल्या आणि सहावीला आत शिरायला दिशाच नाही, असं वाटप लिहिणं अगदी सोपं आहे. अमेरिकेतले गणिती बिल कटलर यांनी १९७० च्या दशकात संगणकाला हे काम लावलं. खरोखर जुळवता येतील अशा भरीव गाठी त्यांना १,१९,९७९ मिळाल्या. नंतर पोकळ गाठीही मोजल्या आणि १९९० पर्यंत ते काम पुरं झालं: कागदावर बसणाऱ्या रचना साडेतीन हजार कोटींहून जास्त. त्यांतल्या हाताने जुळवता-सोडवता येणाऱ्या रचना ६०० कोटींहून कमी असाव्यात, असा अंदाज आहे. म्हणजे बसणाऱ्या दर सहा रचनांमध्ये पाच निव्वळ चित्रं.

म्हणून रचना उलट्या बाजूने करायची. गाठ पूर्ण बांधलेली आहे असं धरायचं आणि ती सुटते कशी, ते आधी ठरवायचं. सर्वांत सरळ पद्धत किल्लीची. एक पट्टी बिनखाचेची ठेवायची, तिचे बाराही वादग्रस्त घन तिलाच द्यायचे. उरलेल्या पाच पट्ट्यांत मग २० घन वाटायचे राहतात. ही किल्ली आपल्या लांबीच्या दिशेने सरळ बाहेर सरकते, कारण तिला अडवणारं तिच्या अंगात काहीच शिरलेलं नाही. ती गेली की गाठीच्या आत आरपार बोगदा तयार होतो. आता दुसऱ्या पट्टीचा विचार करा. तिला सुटायचं असेल तर त्या बोगद्याकडे सरकण्याची सोय हवी, आणि तिथून बाहेर पडण्याची. प्रत्येक पट्टीला एकच प्रश्न विचारायचा: ज्या दिशेने तू हलणार, त्या दिशेला तुझ्या एकेका घनाच्या पुढ्यात दुसऱ्या कुणाचा घन उभा आहे का? उभा असेल तर ती दिशा बंद. कधी एकटी पट्टी हलत नाही, पण दोन पट्ट्या मिळून हलतात. तेही तपासायला विसरू नये. नवख्याची नजर नेमकी तिथे चुकते, आणि चांगलं कोडं त्या जागेचा उपयोग करून घेतं.

आता पोकळी. भरीव गाठ आत हलत नाही. एखादी पट्टी निघते किंवा निघत नाही, एवढंच. आत एक-दोन घन रिकामे ठेवले की पट्ट्या बाहेर न येता आतल्या आत सरकू लागतात. पहिली पट्टी सुटी होण्याआधी किती चाली कराव्या लागतात, त्यावर कोड्याची पातळी ठरते. न्यूझीलंडचे ब्रूस लव्ह यांच्या सहा पट्ट्यांच्या एका रचनेत पहिली पट्टी निघायला १२ चाली लागतात. पण पोकळी वाढवली की कोडं आपोआप चांगलं होतं, हा समज खोटा. जास्त रिकामी जागा म्हणजे जास्त उत्तरं, आणि मग सोडवणारा विचाराने नाही, चाचपडून तिथे पोचतो. मला एकच उत्तर असलेलं, पातळी तीन-चारचं कोडं जास्त प्रामाणिक वाटतं. हे तपासायला अँड्रियास रोव्हर यांचा बरटूल्स हा मोफत प्रोग्राम आहे. पट्ट्यांचे घन भरले की उत्तरं किती आणि प्रत्येकाची सुटण्याची वाट कोणती, ते तो सांगतो. तरीही पहिली रचना हाताने करावी. छोटे लाकडी ठोकळे चिकटवून कच्च्या पट्ट्या बनवल्या तर बोटांना जे कळतं, ते पडद्यावर कळत नाही.

पट्टीचा आकार ठरवताना सुताराचं ऐकायचं. पट्टीतले १२ घन ठेवायचे की काढायचे, याचे ४,०९६ पर्याय होतात आणि त्यांतून वापरण्याजोग्या ८३७ पट्ट्या निघतात. पण त्यांतल्या बहुतेकांना आंधळे कोपरे असतात: करवत तिथे पोचत नाही, पटाशीने कोरावं लागतं, आणि कोरलेला कोपरा हमखास गोलसर राहतो. करवतीच्या सरळ कापांनी तयार होतील अशा पट्ट्या फक्त ५९ आहेत. त्यांपैकी २५ भरीव गाठीत चालतात आणि त्यांतून ३१४ गाठी बांधता येतात. पहिल्यांदा बनवणाऱ्याने याच कुटुंबात राहावं. दोन खाचांच्या मध्ये एकटा उभा राहिलेला घनही टाळावा. लाकडाचे तंतू पट्टीच्या लांबीने धावतात, त्यामुळे असा घन थोड्याशा जोराने तंतूंच्या रेषेत सटकन सुटतो. मग कोड्याचा नाही, लाकडाचा पराभव होतो.

आणि आता नागपूरची हवा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास, हवा कोरडी ठणठणीत. जुलैत तीच हवा ओली. लाकूड ओल घेतं आणि फुगतं, पण सगळीकडे सारखं नाही. लांबीच्या दिशेने ते जवळजवळ बदलत नाही. रुंदीत आणि जाडीत बदलतं. सागाची ख्याती कमी हलणारं लाकूड अशी आहे. तरी ओलाव्यात पाच टक्क्यांचा फरक पडला तर २४ मिलिमीटरची पट्टी साधारण दोन दशांश मिलिमीटरने जाड होऊ शकते. खाचेची रुंदी मात्र पट्टीच्या लांबीच्या दिशेने मोजलेली असते. म्हणजे खाच आहे तेवढीच राहते आणि तिच्यात शिरणारी पट्टी फुगते. जिथे दोन पट्ट्या शेजारी-शेजारी एकाच मोकळ्या जागेतून जातात, तिथे हा फरक चार दशांशांवर जातो. उन्हाळ्यात लोण्यासारखं सरकणारं कोडं पोळ्याच्या सुमाराला जाम का होतं, त्याचं कारण हे.

यातही एक बारकावा आहे. सागाची पट्टी वाढवलयांच्या रेषेत जितकी फुगते, त्याच्या निम्म्यानेच वलयांना काटकोनात फुगते. त्यामुळे चौरस छेद पावसाळ्यात किंचित आयताकृती होतो, आणि एका बाजूने शिरणारी पट्टी फिरवून घातली की अडते. सोडवणाऱ्याला वाटतं, ही चाल चुकीची. हा कोड्यावरचा अन्याय आहे. म्हणून सहाही पट्ट्या एकाच फळीतून काढाव्यात. छेदाकडे पाहिल्यावर वलयांच्या रेषा एका बाजूला समांतर दिसतील असे तुकडे निवडावेत. मे महिन्यात काम करत असाल तर खाचेत ढिलाई थोडी जास्त, तीन-चार दशांश ठेवावी. श्रावणात करत असाल तर पट्टी नुसती सरकेल एवढी पुरे. उन्हाळ्यात किंचित खुळखुळणारं कोडं चालतं. पावसाळ्यात अडकलेलं कुणीतरी जोर लावून मोडतं.

कापताना खाचेच्या दोन्ही कडा पट्टीच्या एकाच टोकापासून मोजाव्यात, एकमेकींपासून नाही. नाहीतर चुका साठत जातात. करवतीच्या पात्याची जाडी नेहमी टाकायच्या बाजूला पडली पाहिजे. गुण्या लावून प्रत्येक खाचेचा काटकोन तपासावा. आधी खाचा पाडाव्यात, मग पट्टीच्या चारही बाजूंवरून रंध्याचा अगदी हलका हात फिरवावा: ढिलाई सगळीकडे सारखी मिळते. वरून जाड वार्निश नको, तेही जाडी वाढवतं. विदर्भात सहज मिळणारं जवसाचं तेल पातळ लावून काही दिवस वाळू द्यावं, वर मेण. तेलाचे बोळे मात्र गुंडाळून ठेवू नयेत. वाळताना ते तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. उघडे पसरून वाळवावेत किंवा पाण्यात भिजवून टाकावेत.

मग कोडं दुसऱ्याच्या हातात द्यायचं आणि आपण गप्प बसायचं. या टप्प्यावर माणूस जिंकतो की हरतो हे बघायचं नसतं, तो जोर कुठे लावतो ते बघायचं. जिथे जोर लागतो, तिथे एकतर लाकूड घट्ट आहे किंवा चुकीची चाल बरोबर चालीसारखीच वाटते आहे. पहिलं घासून दुरुस्त करायचं. दुसरं असेल तर घनांचं वाटप बदलायचं. लपवलेलं चुंबक, आतला खटका असले उपाय मला मान्य नाहीत: सोडवणाऱ्याला दिसेल आणि हाताला कळेल त्यावरच उत्तर मिळालं पाहिजे.

गांधीसागराजवळच्या रमण विज्ञान केंद्रात १९९२ पासून मुलं वस्तू हाताळून विज्ञान शिकताहेत. अशा खोलीत किंवा शाळेच्या गणितपेटीत हे कोडं ठेवायचं तर आणखी एक गोष्ट ठरवावी लागते: ते जोडलेलं द्यायचं की सुटं? सहा सुट्या पट्ट्या हातात आल्या तर कोणती कुठे, हेच कळत नाही. चांगली हुशार माणसंही थकतात. जोडलेली गाठ दिली की मूल आधी किल्ली शोधतं. ती काढल्यावर काय मोकळं झालं ते बघतं. एकेक पट्टी निघताना तिचा क्रम हातात मुरतो, आणि तोच क्रम उलटा चालवला की गाठ पुन्हा बांधली जाते. लहानांना जोडलेलीच द्यावी. मोठ्यांनी सुटी मागितली तर द्यावी, पण उत्तराचा कागद पाकिटात बंद करून जवळ ठेवावा, कारण सहाही पट्ट्यांचे काप लक्षात ठेवणं ती बनवणाऱ्यालाही सहा महिन्यांनी जमत नाही.