आधी घोडा, मग शर्यत

शंभर मैल, म्हणजे साधारण १६० किलोमीटर, आणि तेही २४ तासांच्या आत! कॅलिफोर्नियातली ‘टेव्हिस कप’ ही घोडदौड १९५५ साली सुरू झाली. सिएरा नेवाडाचे डोंगर ओलांडून ती ऑबर्न गावी संपते. पण पुढे जायचे की नाही, हे स्वाराच्या हाती नसते. ते पशुवैद्य ठरवतात.

वाटेत ठिकठिकाणी तपासणी होते. एरवी मिनिटाला ३० ते ४० असणारी घोड्याची नाडी दौडीत खूप वाढते. ती ठरलेल्या मर्यादेत, साधारण ६४ पर्यंत, उतरावीच लागते. हिरडी दाबून रक्त किती चटकन परतते ते पाहतात, कातडी चिमटीत धरून अंगातले पाणी जोखतात, आतड्यांचा आवाज ऐकतात. मग दुडक्या चालीने पळवून बघतात. लंगडला, तर स्पर्धा तिथेच संपली!

पहिल्या दहा घोड्यांत ज्याची प्रकृती सर्वांत उत्तम, त्याला ‘हॅगिन कप’ मिळतो.

अतिश्रमाने घोड्याचे स्नायू आखडतात, पोटशूळ उठतो, कधी जीवही जातो. तरी तो स्वारासाठी धावत राहतो. म्हणूनच त्याच्या वतीने ‘थांबा’ म्हणणारे कोणीतरी हवे.