हलका बंपर महाग, जड गिअरबॉक्स स्वस्त

मोटारीचे दोन सुटे भाग भिवंडीहून गुवाहाटीला पाठवायचे आहेत असे समजा. एक प्लॅस्टिकचा बंपर, एका हाताने उचलता येईल असा, जेमतेम ५ किलोचा. दुसरा जीपचा गिअरबॉक्स, ५० किलोचा. तो उचलायला दोन माणसे लागतील आणि दुसऱ्या दिवशी दोघांचीही कंबर धरेल. भाडे कोणाचे जास्त?

बंपरचे. आणि थोडेथोडके नाही, तिपटीहून जास्त.

हा उलटा न्याय ट्रान्सपोर्टच्या कचेरीत बसून कोणीही वहीत मांडून पाहू शकतो. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, गुणायची, २७,००० ने भागायचे. आले घनफूट. त्याला ठरलेल्या आकड्याने गुणायचे. हा आकडा कुठे ६, कुठे ८, तर कुठे १०. खोक्यात घातलेला बंपर १८० बाय ६० बाय ५० भरतो. म्हणजे बरोबर २० घनफूट. आकडा ८ धरला, तर बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, वजन पडते १६० किलो. गिअरबॉक्सचा क्रेट ६० बाय ५० बाय ४५, म्हणजे ५ घनफूट आणि हिशेबाने ४० किलो. पण काट्यावर तो ५० भरतो, आणि दोन्हींत जे जास्त ते धरायचे असा नियम असल्याने भाडे ५० किलोचे. १६० विरुद्ध ५०. (जाता जाता: खऱ्या घनफुटात २८,३१७ घनसेंटिमीटर असतात. भागाकार २७,००० ने केला की प्रत्येक खोके कागदावर जवळजवळ ५ टक्क्यांनी फुगते. तोंडी हिशेबाला सोपे म्हणून असेल. पण सोपेपणा नेहमी एकाच बाजूला झुकलेला दिसतो.)

तो ८ चा आकडा आला कुठून, हे मला सगळ्यात गमतीचे वाटते. भिवंडीजवळच्या मानकोली नाक्यावर उभे राहिले की समोरून ३२ फुटी बंद कंटेनर गाड्यांची रांग सरकत असते. अशा गाडीचा हौदा ढोबळमानाने ३२ फूट लांब, ८ रुंद, ८ उंच, म्हणजे २,०४८ घनफूट. मल्टी-ॲक्सल गाडी असेल तर माल घ्यायचा सुमारे १५ टन. भागून पाहा: घनफुटाला सव्वासात किलोच्या आसपास. गाडी जागेने आणि वजनाने एकाच वेळी भरायची तर मालाची घनता एवढी हवी. यापेक्षा हलका माल असेल तर जागा आधी संपते, जड असेल तर वजन आधी संपते. ट्रान्सपोर्टवाल्याचा आकडा म्हणजे या तोलाचीच खूण.

आता भिवंडीच्या गोदामांतून निघतो तो माल डोळ्यांसमोर आणा. काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, दापोडे, वळ, सोनाळे, वडपे आणि पुढे पडघ्यापर्यंत शेडमागून शेड. आत वेफर्सचे खोके, बादल्या, खेळणी, डायपर, चपला, तयार कपडे, ऑनलाइन मागवलेल्या हजार वस्तू. बहुतेक सगळे हलके. घनफुटाला ३ किलोचा माल कोंबून भरला तरी गाडीत ६ टनांच्या फार वर जात नाही. दार लावायला जागा उरत नाही आणि तरी ९ टन वजनाची मुभा वाया जाते. टोल मात्र तेवढाच, कारण टोल गाडीच्या प्रकारावर असतो, पोटातल्या मालावर नाही. ड्रायव्हरचा पगार तोच, बँकेचा हप्ता तोच. डिझेल थोडे कमी लागते इतकेच, कारण गाडी स्वतःच काही टनांची असते.

या वाया जाणाऱ्या वजनावर लोखंड प्रवास करते. मोटारीच्या ब्रेकच्या डिस्क घ्या. एक डिस्क साधारण ६ किलोची आणि खोक्यांसकट रचल्या तर घनफुटाला ४० किलो सहज बसतात. अशा ४ टन डिस्क त्या ३२ फुटी गाडीच्या तळावर पसरल्या तर थर किती उंच होईल? १०० घनफूट भागिले २५६ चौरस फूट: पाच इंचांहूनही कमी. चार टन लोखंड, घोट्यापर्यंत! त्यावर छतापर्यंत वेफर्सचे खोके. हलक्या मालाची जागा ५ टक्क्यांनी घटली आणि गाडीवाल्याला ४ टनांचे भाडे जास्तीचे मिळाले. त्यातले थोडे सोडून तो लोखंडाला स्वस्तात घ्यायला तयार होतो. स्वस्ताईचे गुपित घासाघिशीत कमी आणि शेजाऱ्याच्या निवडीत जास्त आहे. आपल्या जड मालाला हलका सोबती मिळाला पाहिजे, आणि असे सोबती भिवंडीइतके एका जागी सहसा सापडत नाहीत.

अर्थात चार टन कुठेही टाकून चालत नाही. सगळे मागे रचले तर मागच्या ॲक्सलवर भार जास्त होतो आणि पुढची चाके हलकी पडून स्टिअरिंग ऐकत नाही. अनुभवी हमाल वजन ॲक्सलच्या अंदाजाने पसरतो, मध्ये फळ्या घालतो, दोरी ओढतो. या रचण्याला थापी म्हणतात, चढवण्या-उतरवण्याला वाराई, आणि दोन्हींचे दर वेगळे. १९६९ चा माथाडी कायदा, ज्याच्यामागे अण्णासाहेब पाटलांची चळवळ उभी होती, तो याच कामगारांसाठी झाला. भाड्याची चौकशी करताना लोक वाराई विचारायला विसरतात. भाडे शंभर ठिकाणी विचारून कमी करून घेतात आणि मग दोन्ही टोकांच्या हमालीत ते परत घालवतात. १५० किलोच्या इंजिनाला इकडे फोर्कलिफ्ट आहे, तिकडे उतरवायला काय आहे? हा प्रश्न आधी.

हा सगळा माल एकवटायला भिवंडीच का, याचे उत्तर जकातीत आहे. आधी हे गाव मागांचे. बाहेरून सूत यायचे, कोरे कापड प्रक्रियेसाठी पाली-बालोतऱ्यापर्यंत जायचे, म्हणून ट्रान्सपोर्टच्या कचेऱ्या आधीपासून होत्या. त्यात मुंबईची जकात. शहराच्या वेशीबाहेर, पण दारातच माल उतरवला तर जो माल मुंबईत विकायचाच नाही त्यावर जकात कशाला भरायची? ग्रामपंचायतींच्या हद्दीत भातखाचरे भरून गोदामे उठली. ३० जून २०१७ ला मुंबईची जकात गेली, दुसऱ्या दिवसापासून जीएसटी आला. कारण संपले म्हणजे गोदामे ओस पडतील असे वाटावे, तर झाले उलटे. पूर्वी केंद्रीय विक्रीकर चुकवायला कंपन्या राज्याराज्यांत लहान डेपो ठेवत. जीएसटीनंतर ती गरज उरली नाही आणि मोठमोठी गोदामे एकवटू लागली. आता तर ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग नागपूरहून येऊन भिवंडी तालुक्यातल्या आमण्यालाच थांबतो. त्याचा इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला.

रस्त्याइतकीच नवलाची गोष्ट रुळांची. एक टन वजन सपाट रुळावर चालते ठेवायला साधारण २ किलो वजनाइतका ओढा पुरतो. पोलादी चाक पोलादी रुळावर जवळजवळ दबतच नाही. ट्रकचा रबरी टायर मात्र फिरताना सतत दबतो, उलगडतो, तापतो. त्याला त्याच टनामागे ६ ते १० किलोचा ओढा लागतो. वसई-दिवा मार्गावरचे भिवंडी रोड स्टेशन वर्षानुवर्षे दुर्लक्षित होते. २०२० मध्ये मध्य रेल्वेने तिथून पार्सल गाड्या सोडायला सुरुवात केली, आणि त्यातल्या काही थेट गुवाहाटीजवळच्या आझाऱ्याला, म्हणजे सुमारे अडीच हजार किलोमीटरवर. एका पार्सल डब्यात २३ टन माल जातो. तुमच्याआमच्या एका गिअरबॉक्ससाठी डबा कोण देणार? पण डबे घेऊन त्यात फुटकळ माल भरणारे ठेकेदार असतात, त्यांच्याकडे किलोवर भाव मिळतो. पूर्वी देशावर हुंडेकरी हेच करत: एक ठोक रक्कम घ्यायची, वाटेतली जकात, पट्ट्या, बैलांचा खर्च सगळे आपल्या माथ्यावर, माल पोचवून द्यायचा. आजचा फुटकळ माल घेणारा पार्ट-लोडवाला त्यांचाच वारस.

राज्यातल्या राज्यात पाठवायचे असेल तर एवढा खटाटोप नको. ट्रॅव्हल्सच्या डिकीतून रात्रीत भाग पोचतो. एसटीनेही २०२० च्या टाळेबंदीत जुन्या बसमधली आसने काढून मालवाहतूक सुरू केली होती, तिला महाकार्गो म्हणत. स्पीड पोस्टाची मर्यादा ३५ किलो. अल्टरनेटर, स्टार्टर मोटर यांना ती पुरेशी.

आणि सातासमुद्रापार? इथे हिशेब आणखी चक्रावून टाकतो. १०० बाय ८० बाय ७५ सेंटिमीटरच्या क्रेटमध्ये १८० किलोचे इंजिन बांधले आहे असे धरू. विमानात घनसेंटिमीटरला ६,००० ने भागतात. उत्तर येते १०० किलो, खरे वजन १८०, म्हणून भाडे १८० चे. म्हणजे आकाशात लोखंड महाग. रस्त्यावर ८ च्या आकड्याने हाच क्रेट १७८ किलोचा होतो, काटा आणि फूटपट्टी जवळजवळ बरोबरीत. न्हावा शेवाहून जहाजाने सुटा माल पाठवताना मात्र १ घनमीटर किंवा १ टन, यांपैकी जे जास्त ते धरतात. आपला क्रेट ०.६ घनमीटर आणि ०.१८ टन. भाडे आकाराचे. इंजिन तिप्पट जड असते, ५४० किलोचे, तरी भाडे एक पैशाने वाढले नसते! जहाजाच्या लेखी लोखंडाचे वजन दिसतच नाही. (बहुतेक ठिकाणी किमान एका घनमीटरचे भाडे लावतात, तेव्हा घनमीटरातल्या उरलेल्या जागेत चार भाग आणखी बसवावेत.) एक तेवढे सांभाळा: परदेशी जाणाऱ्या क्रेटचे लाकूड उष्णतेची प्रक्रिया केलेले आणि शिक्का मारलेले हवे, नाहीतर पलीकडच्या बंदरात लाकडासाठी इंजिन अडकते.

हा सगळा उद्योग करायचा कशाला, जवळपास भाग मिळत नाहीत का? नव्या गाडीचे मिळतात. पण कुर्ल्यात बनणारी प्रीमिअर पद्मिनी २००१ पासून बनत नाही आणि मुंबईतली तिची टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. अशी गाडी हौसेने जपणाऱ्याला भाग मिळाला तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, चोरबाजारात, दिल्लीच्या काश्मिरी गेटला किंवा चेन्नईच्या पुदुपेटला. मग तो शोधणाऱ्याच्या गावी जाणार कसा, हाच प्रश्न उरतो.

पाठवायचे ठरलेच तर इंजिनातले ऑइल आणि पाणी पूर्ण काढा; गळणारे पार्सल रेल्वे आणि ट्रान्सपोर्ट दोघेही नाकारतात, आणि शेजारच्या कापडाच्या गठाणीवर डाग पडला तर तो तुमच्या नावावर. इंजिन फळीवर बोल्टने आवळा. दोरीवर भरवसा नको. क्रेटखाली फोर्क जाईल एवढी फट ठेवा. बॅटरी आणि एअरबॅग त्याच खोक्यात घालू नका, तो धोकादायक माल ठरतो. जुने इंजिन असेल तर बिलावर इंजिन नंबर असलाच पाहिजे, पुढे आरटीओत तो आरसीवर चढवायचा आहे. दुसऱ्या राज्यात जाणारा व्यापारी माल ५०,००० रुपयांच्या वरचा असेल तर ई-वे बिल लागते आणि ते दर २०० किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने चालते.

शेवटी बिल्टी नीट वाचा. कोपऱ्यात बहुधा 'मालकाच्या जोखमीवर' असे छापलेले असते आणि कोणी वाचत नाही. २००७ चा रस्ते मालवाहतूक कायदा आणि २०११ चे त्याचे नियम सांगतात, की पाठवणाऱ्याने मालाची किंमत आधी जाहीर करून जास्तीचा दर भरला नसेल तर हरवल्या-फुटल्याची भरपाई भाड्याच्या दहापटीपुरतीच मिळते. स्वस्तात जमवले म्हणून ८०० रुपये भाडे दिले असेल, तर ६०,००० च्या इंजिनाची जास्तीत जास्त भरपाई ८,००० रुपये. तेव्हा भाडे कितीही कमी करून घ्या, पण बुकिंगच्या वेळी किंमत लिहून द्या आणि वाहतूक विमा उतरवा.