वाइनची पारख

मराठींत पिणें आणि चाखणें हीं दोन वेगळीं क्रियापदें आहेत, आणि त्यांतील भेद केवळ प्रमाणाचा नाहीं. पाणी पितात तें तहान भागविण्यासाठीं. आमटी चाखतात ती मीठ, चिंच आणि गूळ यांचा मेळ बसला आहे कीं नाहीं हें ठरविण्यासाठीं. पिणाराचें लक्ष स्वतःच्या तृप्तीकडे असतें, चाखणाराचें पदार्थाकडे. नाशिकच्या पश्चिमेस, गंगापूर धरणाच्या जलाशयाच्या परिसरांत, द्राक्षमळ्यांच्या सोबतीनें वाइनचे कारखाने उभे आहेत. त्यांना लागूनच चाखण्याचीं दालनें असतात. तेथें त्यांना ‘टेस्टिंग रूम’ म्हणतात. या दालनांचा सारा हेतु वरील भेदावर आधारलेला आहे. तो भेद ध्यानांत ठेवून जाणारी मंडळी कांहीं शिकून परततात. तो विसरणारांस तोच दिवस महाग पडूं शकतो.

मुंबईच्या उपनगरांतून मित्रमंडळींनीं तेथें जाऊन एक दिवस घालवावा, ही आतां नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. मानखुर्दहून निघालेल्या चार-पांच जणांस हार्बर मार्गानें कुर्ल्यास, तेथून ठाण्यास आणि ठाण्याहून लांब पल्ल्याच्या गाडीनें नाशिकरोडला जातां येतें. कसारा घाट चढून गाडी इगतपुरीस पोंचली, कीं खाडीकांठचा दमटपणा मागें पडल्याचें अंगास कळतें. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० मीटर उंचीवर आहे. त्या उंचीचा आणि तेथील कोरड्या हिवाळ्याचा पेल्यांतील चवीशीं निकटचा संबंध आहे.

वाइन ही या देशांत अगदीं अलीकडे आलेली विदेशी चैन आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. इतिहास कांहीं निराळेंच सांगतो. ट्रॉम्बेच्या समोर समुद्रांत जें घारापुरी बेट आहे, तेथें भूमध्य समुद्राच्या बाजूनें आलेल्या, दोन कानांच्या मद्यकुंभांचीं खापरें सांपडलीं आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथांत भडोच बंदरांत उतरणाऱ्या मालामध्यें वाइनची गणना आहे, आणि त्यांतहि इटलीची वाइन अधिक पसंत केली जाई असें नमूद आहे. कौटिल्याचें अर्थशास्त्र द्राक्षरसाच्या मद्यास ‘मधु’ म्हणतें आणि तें ज्या देशांत होतें त्या देशावरून त्याचीं कापिशायन व हारहूरक अशीं नांवें देतें. मद्यास भूमीचें नांव देण्याची ही रीत लक्षांत घेण्याजोगी आहे. आज ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नांवास भौगोलिक संकेताचें कायदेशीर संरक्षण मिळालें आहे, त्याच्या मुळाशीं हीच कल्पना आहे.

आधुनिक काळांत महाराष्ट्रांतील या धंद्याचा पाया १९८० नंतरच्या दशकांत नारायणगांव येथें श्यामराव चौगुले यांच्या ‘शातो इंडेज’नें घातला. नाशिकास खरें वळण मिळालें तें पुढें. कॅलिफोर्नियांतील नोकरी सोडून परतलेल्या राजीव सामंत यांनीं गंगापूरच्या परिसरांतील कौटुंबिक जमिनींत वाइनच्या जातीच्या वेली लावल्या. त्यांच्या मातोश्री सुलभा यांच्या नांवावरून ‘सुला’ हें नांव आलें, आणि २००० सालीं पहिली वाइन बाजारांत आली. २००१ सालीं महाराष्ट्र शासनानें द्राक्ष-प्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर केलें. २००५ सालीं सुलानें आपलें चाखण्याचें दालन उघडलें. भारतांतील वायनरीचें तें पहिलें दालन. २००६ सालीं जवळच ‘यॉर्क’ ही वायनरी निघाली. तिच्या दालनांतून जलाशयाचा विस्तार नजरेंत भरतो. २०२१ सालीं ती सुलाकडे गेली. इगतपुरी तालुक्यांत मुकणें जलाशयाच्या बाजूस ‘व्हॅलोने’ ही आणखी एक वायनरी आहे.

तळ्याकांठीं वाइन म्हटलें, कीं युरोप पाहिलेल्यांस स्वित्झर्लंडांतील जिनीव्हा सरोवर आठवतें. तेथील लाव्होच्या उतारांवरील पायऱ्यापायऱ्यांच्या मळ्यांस २००७ सालीं जागतिक वारशाचा मान मिळाला. तें सरोवर इतकें विस्तीर्ण आणि खोल आहे, कीं दिवसा तें उष्णता सांठवितें आणि थंडींत ती परत देऊन वेलींचें रक्षण करतें. गंगापूरचा जलाशय त्या जातीचा नव्हे. तो गोदावरीवर बांधलेल्या आणि १९६५ सालीं पुऱ्या झालेल्या मातीच्या धरणाचा आहे. त्याचें काम हवा सांभाळण्याचें नसून पाणी देण्याचें आहे; आणि त्या पाण्यावर मळ्यांच्या आधीं नाशिक शहराच्या तहानेचा हक्क आहे, खालच्या अंगास जायकवाडीचाहि आहे. मळ्यांतून ठिबक नळ्यांनीं थेंब मोजून पाणी देतात त्यामागें ही टंचाई आहे, आणि चवीचाहि विचार आहे. अति पाणी प्यालेली वेल पानें पुष्कळ धरते. फळ मात्र पांचट होतें.

द्राक्षाची वेल मूळची थंड हिवाळ्याच्या मुलखांतली. तेथें हिवाळ्यांत तिचीं पानें गळतात, ती जणूं झोंपी जाते, वसंतांत फुटते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरांत द्राक्षें उतरवितात. जगांतील बहुतेक नामांकित वाइन-प्रदेश ३० ते ५० अक्षांशांच्या पट्ट्यांत येतात. नाशिक आहे विसाव्या अंशावर. येथें वेलीस आपण होऊन तशी झोंप लागत नाहीं, म्हणून शेतकरी तिची झोंप आणि जाग दोन्ही कात्रीनें घडवून आणतो. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. तिनें नवी काडी तयार होते. पावसाळा सरतां सरतां गोडी छाटणी होते, आणि तिच्यानंतरच्या फुटींवर घड लागतात. तोडणी जानेवारीपासून मार्चपर्यंत चालते. अशा रीतीनें फळ पावसाच्या तडाख्यांतून सुटून कोरड्या दिवसांत आणि गार रात्रींत पिकतें. दिवसाच्या उन्हानें साखर वाढते, रात्रीच्या गारव्यानें आंबटपणा टिकतो, आणि वाइनचा तोल म्हणजे बव्हंशीं या दोहोंचा तोल. मध्येंच अवकाळी पाऊस आला तर मणी तडकतात, घड कुजतात, केवडा रोग पसरतो, आणि वर्षाचे श्रम आठवड्याभरांत वायां जातात.

बाजारांतील खाण्याचें द्राक्ष मोठें, पातळ सालीचें आणि बिनबियांचें असतें. वाइनचें द्राक्ष लहान, जाड सालीचें, बियांचें आणि अधिक गोड असतें. रंग, सुगंध आणि तुरटपणा हे सालींत व बियांत असतात, म्हणून खाणारास जी अडचण तीच वाइन करणारास संपत्ति. पांढऱ्या वाइनसाठीं द्राक्षें दाबून रस आधींच वेगळा काढतात आणि पोलादी टाक्यांत तो गार ठेवून आंबवितात. तांबड्या वाइनसाठीं रस सालींसकट आंबवितात. त्यामुळें सालींतील रंग आणि तुरटपणा रसांत उतरतो. यीस्ट नांवाचे सूक्ष्म जीव साखर खाऊन तिचा मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड वायु करतात. कांहीं तांबड्या वाइन पुढें ओक लाकडाच्या पिंपांत मुरवत ठेवतात. तेथें लाकडाचा वास आणि थोडी हवा यांचा संस्कार होऊन त्यांचा कडकपणा मवाळतो.

एवढें समजून घेऊन मंडळी दालनांत बसली, म्हणजे पेल्याकडे पाहण्याची त्यांची दृष्टि बदलते. एकेका नमुन्याचें प्रमाण थोडेंसें असतें आणि क्रम ठरलेला असतो: आधीं कोरड्या पांढऱ्या, मग तांबड्या, आणि शेवटीं गोड. हा क्रम उलटला तर गोडानंतर कोरडी वाइन उगीचच आंबट लागते. लाडू खाऊन चहा घेणारास हा अनुभव नवा नाहीं. पेला दांडीस धरावा, म्हणजे हाताच्या उबेनें वाइन तापत नाहीं. पांढऱ्या कागदासमोर तिरपा धरून प्रथम रंग पाहावा. मग पेला हलकेंच फिरवून वास घ्यावा, कारण ज्याला चव म्हणतात तिचा मोठा भाग वास्तविक नाकाचा असतो. पडसें झालेल्या माणसास जेवण बेचव कां लागतें, त्याचें कारण हेंच. मग एक लहानसा घोंट जिभेवर सर्वत्र फिरवावा आणि चार गोष्टी पाहाव्या: आंबटपणा किती, तुरटपणा किती, गोडी उरली आहे कीं नाहीं, आणि चव किती वेळ रेंगाळते. शिरक्यासारखा किंवा भिजक्या पुठ्ठ्यासारखा वास आला, तर ती वाइन बिघडलेली आहे असें निःसंकोच सांगावें.

यानंतर जी गोष्ट करावयाची ती पुष्कळांस अवघड वाटते: तोंडांतील घोंट थुंकून टाकणें. त्यासाठीं भांडें ठेवण्याची रीत आहे. जुन्या दिवाणखान्यांतील पीकदाणी ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना या भांड्याचें नवल वाटूं नये. व्यवसायानें वाइन पारखणारे लोक दिवसांत अनेक नमुने पाहतात. ते सगळे गिळले तर पहिल्या तासानंतर पारखणारी जीभच जागेवर राहणार नाहीं. थुंकण्यांत यजमानाचा अपमान नाहीं. उलट त्याच्या कामाचा आदर आहे.

मित्रांची सोबत येथें केवळ करमणुकीची नसते. चौघांनीं एकच वाइन चाखून, बोलण्यापूर्वीं प्रत्येकानें आपलें मत कागदावर दोन शब्दांत लिहावें आणि मग तें वाचून दाखवावें. आधीं बोलणाराच्या मताची छाप इतरांच्या जिभेवरहि पडते. लिहिल्यानें ती टळते. अशा वेळीं शब्दांची अडचण येते, कारण इंग्रजी पुस्तकांतून येणारीं उपमानें बहुधा न खाल्लेल्या फळांचीं असतात. वस्तुतः मराठी माणसास उसने शब्द घेण्याचें कारण नाहीं. षड्रसांतील ‘कषाय’ म्हणजेच तुरट. आंवळा, सुपारी, कच्चें केळें, जांभूळ यांनीं त्याच्या छटा प्रत्येक घरांत शिकविल्या आहेत. शेनिन ब्लांमध्यें एकास पेरूचा वास येईल, सोव्हिन्यों ब्लांमध्यें दुसऱ्यास ताज्या कापलेल्या गवताचा किंवा हिरव्या ढोबळ्या मिरचीचा, शिराझमध्यें तिसऱ्यास जांभळाचा किंवा मिरीचा. हीं उत्तरें जुळलीं नाहींत तरी बिघडत नाहीं. आपल्या जिभेचें आणि मित्राच्या जिभेचें अंतर कळणें हाहि एक लाभच आहे.

आतां प्रमाणाचा हिशेब. तीस मिलिलिटरचे पांच नमुने गिळले, तर दीडशें मिलिलिटर वाइन पोटांत जाते. तींत तेरा टक्के मद्यार्क धरल्यास शुद्ध मद्यार्क सुमारें पंधरा ग्रॅम होतो. मोटार चालविणाराच्या रक्तांत दर १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमपेक्षां अधिक मद्यार्क भारतीय कायद्यास मान्य नाहीं, आणि मध्यम बांध्याच्या माणसास ती मर्यादा गाठण्यास एका दालनांतील हे पांच नमुने पुरे होऊं शकतात. दुसऱ्या वायनरीचा प्रश्नच उरत नाहीं. परतीच्या वाटेवर अंधार आणि कसारा घाट असतो. म्हणून मोटारीनें जाणाऱ्या मंडळींनीं चालकाचें नांव सकाळींच ठरवावें, आणि त्यानें त्या दिवशीं वास घेण्यापुरतेंच पेल्याशीं नातें ठेवावें. वासावरून पारख करण्यांत तोच कदाचित् सर्वांच्या पुढें जाईल. रेल्वेनें जाणें याहून बरें.

वाइन ही आरोग्यदायी आहे असें समर्थनहि पुष्कळदां ऐकूं येतें. जागतिक आरोग्य संघटनेनें जानेवारी २०२३ मध्यें स्पष्ट सांगितलें, कीं मद्यार्काचें कोणतेंहि प्रमाण आरोग्यास निर्धोक म्हणतां येत नाहीं. जानेवारी २०२२ मध्यें राज्य मंत्रिमंडळानें मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकूं देण्याचा निर्णय घेतला, तेव्हां एका बाजूनें द्राक्ष-उत्पादकांच्या हिताचा आणि दुसऱ्या बाजूनें व्यसनाच्या भीतीचा युक्तिवाद झाला. विरोध इतका तीव्र होता, कीं तो निर्णय अंमलांत आला नाहीं. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यांत तथ्य होतें. दारूनें उध्वस्त झालेलें घर ज्या वस्तींत आहे, तेथें ही भीति पोकळ म्हणतां येणार नाहीं. आणि ज्याचा घड अवकाळी पावसांत कुजतो, त्या शेतकऱ्याची गरजहि खोटी नाहीं.

म्हणून ज्या घरांत मद्यास स्थान नाहीं, त्या घरांतील मंडळींनींहि या मळ्यांकडे जाण्यास हरकत नसावी. फेब्रुवारींत तोडणी चालूं असतांना मळा पाहावा, टाक्यांजवळ उभें राहून आंबणाऱ्या रसाचा वास घ्यावा, दोन छाटण्यांचें गणित तेथील माणसांकडून समजून घ्यावें. पेला हातीं घेणें हा त्या दिवसाचा एक लहान आणि ऐच्छिक भाग आहे. ज्यांनीं तो घेतला, त्यांनीं किती घोंट गिळले यापेक्षां किती ओळखले याचा हिशेब संध्याकाळीं गाडींत बसून करावा. कागदावरच्या दोन-दोन शब्दांच्या टिपणांत तो सांपडेल.