पिसे गळालेली कोंबडी विकण्यापूर्वी

दसरा जवळ आला म्हणजे वडवणीच्या परिसरातील अनेक घरांत ऊसतोडीस निघण्याची तयारी सुरू होते. धान्य बांधले जाते, शेळ्यांची व्यवस्था लावली जाते, आणि परसातील कोणत्या कोंबड्या ठेवावयाच्या व कोणत्या विकावयाच्या हा प्रश्न घरच्या बाईपुढे उभा राहतो. नेमक्या याच दिवसांत कोंबड्यांची पिसे गळतात व अंडी बंद होतात. मग बोडकी दिसणारी कोंबडी पडेल त्या भावाने विकली जाते. या व्यवहारात पुष्कळदा घरातील सर्वांत चांगली कोंबडीच हातची जाते.

दोन शेजारणींचे पुढील बोलणे या दिवसांत कोणत्याही वस्तीवर कानी पडण्यासारखे आहे. "आक्का, माझी तांबडी पार बोडकी झाली. परवापर्यंत अंडं देत होती, आता एकदम बंद. बाजारात देऊन टाकते." त्यावर थोरली म्हणते, "माझी काळी बघ कशी नीटनेटकी आहे. पण पोळ्यापासनं एक अंडं नाही तिचं." दोघींनी आपापल्या कोंबडीचे वर्णन अचूक केले, निष्कर्ष मात्र उलटा काढला.

कोंबडीची पिसे गळणे हा रोग नव्हे. साधारणपणे वर्षभर अंडी दिल्यानंतर ती जुनी, झिजलेली पिसे टाकून नवी धारण करते. आपल्याकडे जूनमध्ये दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो, तो डिसेंबरात सुमारे ११ तासांवर येतो. दिवस लहान होऊ लागला की पिसे गळावयास लागतात. देशी कोंबड्यांत हा काळ थोडा मागेपुढे होतो. पीस बहुतांशी प्रथिनांचे बनलेले असते आणि अंड्यासही प्रथिने लागतात. दोन्ही कामे एकाच वेळी झेपत नाहीत, म्हणून अंडी थांबतात.

यातील भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. कमी अंडी देणारी कोंबडी लवकर पिसे टाकू लागते, परंतु एकेक करून. त्यामुळे ती कधीच बोडकी दिसत नाही, मात्र चार ते सहा महिने अंड्याविना राहते. उत्तम कोंबडी उशिरापर्यंत अंडी देते, नंतर बरीच पिसे एकदम टाकते आणि सुमारे अडीच-तीन महिन्यांत पुन्हा अंड्यावर येते.

याची परीक्षा पंखावरून करता येते. पंख हलकेच उघडावा. मध्यभागी एक आखूड पीस असते. त्यापासून टोकाकडे साधारण १० मोठी पिसे असतात. ती मधल्या पिसाकडून टोकाकडे क्रमाने गळतात. नवी येणारी तीन-चार पिसे सारख्याच लांबीची असतील तर ती एकदम गळाली आहेत. अशी कोंबडी ठेवावी. प्रत्येक नवे पीस निराळ्या लांबीचे, पायऱ्यांसारखे दिसत असेल तर ती मंद गतीची समजावी. एरवी तुऱ्याच्या लालीवरून अंड्यावरील कोंबडी ओळखता येते. परंतु या काळात चांगल्या कोंबडीचाही तुरा आक्रसतो, म्हणून त्यावर विसंबू नये. जी कोंबडी खुडूक बसून पिले वाढवीत होती, तिची बंद अंडीही दोष म्हणून धरू नयेत.

रोगाची शंका मात्र अवश्य घ्यावी. निरोगी कोंबडी पिसे गळत असतानाही हिंडते, उकरते, खाते. तिच्या कातडीवर नव्या पिसांचे कोंब दिसतात. ती पेंगत असेल, हिरवट पातळ विष्ठा टाकीत असेल किंवा मान वाकडी करीत असेल, तर तिला ताबडतोब वेगळे ठेवून पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. कोंब न दिसता कातडी उघडी पडली असेल तर उवा शोधाव्यात.

या दिवसांत नुसती ज्वारी-बाजरी पुरत नाही. दाण्यासोबत भुईमुगाची किंवा सोयाबीनची पेंड, धुऊन खारटपणा काढलेली सुकट अथवा वाळवी थोडी थोडी द्यावी. सोयाबीन कच्चे देऊ नये, भाजून द्यावे. बुरशी धरलेली पेंड कोणतीही असो, टाकून द्यावी. सरकीची पेंड दुभत्या जनावरांस चालते, कोंबडीस देऊ नये. नव्या पिसांच्या कोंबांत रक्त असते, म्हणून कोंबडीस वारंवार हाताळू नये.

ऊसतोडीस जाणाऱ्या भगिनींनी अशी कोंबडी निघण्यापूर्वी निवडून तिच्या पायात रंगीत दोरा सैलसर बांधावा व घरी राहणाऱ्या सासूबाईंकडे किंवा शेजारी सोपवावी. दुसऱ्या वर्षी तिची अंडी संख्येने काहीशी कमी, पण आकाराने मोठी मिळतात. उबवणीसाठी तिचीच अंडी ठेवावीत. २१ दिवसांनी निघणाऱ्या पिलांत तिचे गुण उतरण्याचा संभव अधिक. उलट, दरवर्षी बोडकी विकून नीटनेटकी ठेवण्याची रीत चालू राहिली तर वस्तीवरील कोंबड्यांचा वाण आपल्याच हातून उतरत जातो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी व पशुसखींनी दसऱ्यापूर्वी घरोघर जाऊन ही पंखाची परीक्षा प्रत्यक्ष करून दाखवावी. त्यास एका कोंबडीमागे दोन मिनिटेही लागत नाहीत. हंगाम संपवून घरी परतणाऱ्या भगिनीच्या खुराड्यात तेव्हा अंडी देणारी कोंबडी असेल, हे त्या दोन मिनिटांचे मोल होय.