वाढीव वेग आणि वाढीव किंमत

मुलगी महाविद्यालयात जाऊ लागली की घरात लॅपटॉपचा विषय निघतो. दुकानात एकाच कंपनीची, एकाच आकाराची दोन यंत्रे समोर ठेवली जातात. एकावर ‘आय५’ असे लिहिलेले, दुसऱ्यावर ‘आय७’. किमतीत, समजा, आठ हजारांचा फरक. विक्रेता सांगतो, “साहेब, याचा प्रोसेसर फास्ट आहे, पाच वर्षे बघायला नको.” महिना सोळा हजार मिळवणाऱ्या माणसाला आठ हजार म्हणजे पंधरा दिवसांचा घाम. त्या घामाच्या बदल्यात पदरात काय पडते, हे विचारण्याचा त्याला पुरता हक्क आहे.

प्रत्यक्ष उदाहरणच घेऊ. २०२२ साली इंटेल कंपनीने बाजारात आणलेल्या प्रोसेसरांत आय५-१२३५यू आणि आय७-१२५५यू असे दोन होते. प्रोसेसरमध्ये स्वतंत्रपणे काम करणारे जे भाग असतात त्यांना कोअर म्हणतात. ते दोहोंतही दहाच. दोन मोठे, आठ लहान. हाताशी ठेवायची कॅश स्मृती दोहोंत १२ मेगाबाइट. विजेचे मूळ माप दोहोंचे १५ वॅट. आय७मध्ये चित्रे रेखाटणारा भाग थोडा मोठा होता हे खरे. पण मुख्य फरक म्हणजे आय५चा कमाल वेग ४.४ गिगाहर्ट्झ आणि आय७चा ४.७. एक गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला शंभर कोटी ठोके. आकडा डोळे दिपवणारा आहे, परंतु वाढ शेकडा सातही भरत नाही. पहिल्यावर ज्या कामाला तास लागेल, त्याला दुसऱ्यावर फार तर छप्पन्न मिनिटे लागतील. ‘फार तर चार मिनिटे वाचतील’ असेच म्हटले पाहिजे, कारण कमाल वेग हा थोड्या वेळापुरता असतो. यंत्र तापले की तो उतरतो, आणि पातळ लॅपटॉप तापायला वेळ लागत नाही.

बरे, हा सगळा तास प्रोसेसर राबतच असतो काय? येथे आम्हांला माग आठवतो. आमची उमर माग चालवणाऱ्यांच्या संघटनेत गेली. धोट्याच्या मागाचा वेग वाढवला की मालक खूष होतो. पण धोट्यातली कांडी संपली की माग थांबतोच, आणि वेग वाढवलेल्या मागाची कांडी लवकर संपते. कांडी बदलण्यास जो वेळ लागतो तो मोटरीच्या वेगाने कमी होत नाही. कापडाचे वार मोजताना हा थांबलेला वेळ धरला नाही, तर हिशेब खोटा ठरतो आणि त्याचा भुर्दंड कामगारावर बसतो. हेच तत्त्व १९६७ साली जीन ॲमडाल या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने मांडले. त्याच्यापुढे प्रश्न अनेक प्रोसेसर एकत्र जोडण्याचा होता. तरी गणित तेच. ज्या भागाचा वेग वाढला नाही, तो एकूण लाभाला लगाम घालतो. तासाच्या कामात प्रोसेसरचा वाटा वीस मिनिटांचा असेल, तर वरच्या आय७मुळे सव्वा मिनिट वाचेल. आठ हजारांत सव्वा मिनिट!

मग बाकीचा वेळ जातो कोठे? पुष्कळसा वाट पाहण्यात. जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेते. हवी ती नोंद सुईखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सेकंदाचा सुमारे एकशेऐंशीवा भाग लागतो. तेवढ्यात ४.४ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे दोन कोटींहून अधिक ठोके पडून जातात. एसएसडीत फिरणारी तबकडीच नाही. म्हणून जुन्या यंत्रात ती बसवली की ते नव्यासारखे उठते. दुसरी गोष्ट मेमरीची, म्हणजे रॅमची. ती अपुरी पडली की यंत्र आपला पसारा डिस्कवर नेऊन ठेवते आणि पुन्हा आणते. आठ गिगाबाइटची जागा भरून गेलेल्या यंत्रात आय७ असला काय नि आय५ असला काय, दोघेही कांडीची वाट पाहत उभे.

आणखी एक गंमत. नावातला ‘७’ हा ‘५’पेक्षा नेहमी मोठाच असतो असे नाही. त्याच २०२२च्या मालिकेतल्या आय५-१२४०पी या प्रोसेसरात मोठे कोअर चार होते, तर आय७-१२५५यूमध्ये दोन. त्याचे विजेचे मूळ मापही २८ वॅट. म्हणजे शेवटचे अक्षर पुढच्या आकड्याहून अधिक बोलते, आणि पाटीवर मोठा छापलेला असतो तो आकडा.

जास्त वेगाचा प्रोसेसर कोणीच घेऊ नये असे आमचे म्हणणे नाही. लग्नाच्या चित्रफिती जुळवून देणारा, इमारतींचे नकाशे काढणारा, ज्याचे यंत्र तासन्‌तास पूर्ण ताणावर चालते आणि ज्याला नगावर मजुरी मिळते, त्याने अवश्य घ्यावा. मात्र त्यानेही तीनशे मेगाहर्ट्झच्या वाढीपेक्षा अधिक मोठे कोअर आणि उष्णता बाहेर टाकणारा चांगला पंखा पाहावा. टिपणे लिहिणारी, व्याख्याने ऐकणारी, हिशेबाची पाने भरणारी मुलगी असेल, तर आठऐवजी सोळा गिगाबाइट मेमरीसाठी पैसे मोजावेत. उरले तर हप्ता कमी करावा, कारण हप्त्याने घेतल्यास त्या आठ हजारांवर व्याजही चढते.

दुकानदाराला विचारायचे ते हे, की मेमरी पटावर झाळलेली आहे की काढता-घालता येते, आणि दुसरी पट्टी बसवायला खाच मोकळी आहे का. झाळलेली असेल तर पुरेशी मेमरी आजच घ्यावी लागेल. खाच मोकळी असेल तर तो खर्च वर्षभर लांबवता येतो.