सराव परीक्षेचे गुण आणि घरातला ताण

जून २०२५ मध्ये आटपाडी तालुक्यातून आलेल्या एका बातमीने महाराष्ट्र हादरला. नीटच्या सराव परीक्षेत गुण कमी पडले म्हणून घरात मारहाण झाली आणि एका हुशार मुलीचा जीव गेला. वडिलांना अटक झाली. गुन्ह्याचे काय ते न्यायालय पाहील. पण सराव परीक्षेच्या गुणांवरून चिडचिड, टोमणे, अबोला हे कितीतरी घरांत रोजचे असते.

पालकांची घालमेल समजू शकते. आटपाडी म्हणजे माणदेश. पाऊस बेभरवशाचा, डाळिंब साधले तर साधले. गलाईच्या धंद्यासाठी परमुलखात गेलेली माणसे इथल्या गावोगावी आहेत. अशा घराला लेकीचे डॉक्टर होणे ही दुष्काळातून कायमची सुटका वाटते. मात्र आकडेही पाहावेत. २०२५ मध्ये २२ लाखांहून अधिक मुले नीटला बसली आणि देशात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. चांगला अभ्यास केलेली मुलेही मोठ्या संख्येने मागे राहणारच.

सराव परीक्षा ही मुळात तपासणी. रक्तातली साखर वाढलेली दिसली, तर आपण रुग्णावर हात उगारत नाही, पथ्य बदलतो. इथेही कोणत्या धड्यात गडबड झाली एवढेच पाहायचे. तेही गुण कळले त्या संध्याकाळी नव्हे. दुसऱ्या दिवशी, डोके शांत असताना.

थोडा ताण वाईट नसतो. परीक्षेच्या सकाळी छाती धडधडते ती ॲड्रिनलिनमुळे. लक्ष एकवटायला त्याची मदतच होते. पेपर संपला की ते ओसरते. ताण आठवडेच्या आठवडे राहिला, तर झोप मोडते आणि पाठ केलेलेही ऐनवेळी आठवत नाही.

‘मला ताण आलाय’ असे मुले क्वचितच सांगतात. पोट दुखते म्हणतात, जेवण टाकतात, लहानसहान गोष्टीवरून रडतात. पुस्तकाचे तेच पान तासभर उघडे असते. घरात याला आळस किंवा नाटक म्हटले जाते. दोन आठवडे असेच चालले, तर डॉक्टरांना दाखवावे.

आणि ती पहाटे चारला उठण्याची सवय! आपल्याकडे तिचे कोण कौतुक. किशोरवयात झोपेचा इशारा देणारे मेलाटोनिन शरीरात उशिरा स्रवते, त्यामुळे या मुलांना रात्री लवकर झोप येतच नाही. बाराला डोळा लागलेल्या मुलाला चारला उठवले, तर पदरात चार तास पडतात. गरज असते ८ ते १० तासांची. दिवसा वाचलेले मेंदूत पक्के होते ते झोपेत. म्हणजे पहाटेची ती उजळणी आदल्या दिवसाच्या अभ्यासावरच पाणी फिरवते.

विद्यार्थ्यांनी स्वतः करण्यासारखेही आहे. धडधड वाढली की चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. काही मिनिटांत नाडी मंदावते. संध्याकाळी अर्धा तास चाला किंवा खेळा. मामा, आत्या, एखाद्या बाई, कुणीतरी एक माणूस असे धरून ठेवा, जे आधी गुण विचारत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी प्रशिक्षित समुपदेशक नेमायचा आहे. गुणांवरून तुकड्या पाडणे, चारचौघांत पाणउतारा करणे हेही टाळायचे आहे. क्लासची फी भरण्याआधी पालकांनी याची चौकशी जरूर करावी.

‘मी तुम्हाला ओझे झालोय’ अशी भाषा मुलाच्या तोंडी आली, तर हसण्यावारी नेऊ नका. त्याला एकटे सोडू नका. जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तसे विचार डोक्यात शिरत नाहीत. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत, मराठीतून बोलता येते. आणि भीती घरातल्या माराचीच असेल, तर १०९८ हा चाइल्डलाइनचा क्रमांक आहे. तो मुले स्वतःही लावू शकतात.