विश्वाचा फुगवटा आणि त्यानंतर

इन्फ्लेशन म्हटलं की आपल्याला महागाई आठवते. आजचं इन्फ्लेशन वेगळं. त्याला आपण फुगवटा म्हणू.

भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमधली मंडळी समोर आहेत, तेव्हा त्यांच्याच मापात बोलू. १०० मिलिमीटर व्यासाचा शाफ्ट ग्राइंडिंग करून सगळीकडे मोजला आणि फरक निघाला १ मायक्रॉन, म्हणजे लाखात एक. विश्व ३ लाख ८० हजार वर्षांचं असतानाचा प्रकाश आज सर्व दिशांनी आपल्याकडे येतो, त्याचं तापमान इतकंच एकसारखं आहे: २.७२५ केल्विन, फरक लाखात एक.

आता अडचण बघा. साध्या महास्फोटाच्या हिशोबानं, आकाशात दोनेक अंशांहून दूर असलेल्या भागांचा तोवर एकमेकांशी संबंधच आला नव्हता. भोसरीतल्या आणि चाकणमधल्या दोन कारखान्यांनी एकच ड्रॉइंग न बघता मायक्रॉनपर्यंत जुळणारे शाफ्ट काढले, तर आपण योगायोग म्हणू का? १९८१ मध्ये ॲलन गूथ यांनी उत्तर मांडलं: हे भाग आधी जवळच होते, मग सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशात अवकाश प्रचंड ताणलं गेलं. किती? एकावर २६ शून्यं, निदान तितके पट.

असं घातांकी प्रसरण पुण्याला नवीन नाही. आयुकाचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर फ्रेड हॉईल यांच्यासोबत ज्या स्थिर स्थिती सिद्धांतावर काम करत, त्यातलं विश्व असंच वाढतं. अशा प्रसरणात सुरुवातीचा खडबडीतपणा पुसला जातो, हे या दोघांनी १९६० च्या दशकातच दाखवलं होतं. तिथे प्रसरण कायमचं, इथे क्षणभराचं, हा एक मोठा फरक. नारळीकरांना महास्फोट शेवटपर्यंत पटला नाही आणि त्याच महास्फोटाच्या मदतीला हे गणित आलं, याची आम्हाला गंमत वाटते.

पण फुगवटा थांबल्यावर विश्व उरतं थंड आणि जवळजवळ रिकामं. मग आपण कुठून आलो? ज्या क्षेत्रानं अवकाश ताणलं, त्याची ऊर्जा कणांमध्ये आणि उष्णतेत उतरली. याला पुनर्तापन म्हणतात. नेमकं कसं घडलं, यावर अजून वाद आहेत. आणि तो लाखात एकचा फरक? वर्कशॉपमध्ये आपण तो घासून काढू. इथे तो मूळचे क्वांटम चढउतार ताणले जाऊन आला, आणि त्यातूनच पुढे दीर्घिका जमल्या.

प्लांक उपग्रहानं मोजलेला या चढउतारांचा नमुना फुगवट्याशी चांगला जुळतो. गुरुत्वीय लहरींचा पुरावा मात्र अजून हाती नाही. मार्च २०१४ मध्ये बायसेप-२ च्या गटानं तो जाहीर केला होता. वर्षभरात कळलं की संकेताचा मोठा भाग आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीचा होता. हिंगोलीची लायगो-इंडिया या लहरी पकडेल का, असं हमखास विचारतात. नाही. साध्या फुगवट्याच्या लहरी तिच्या पट्ट्यात फारच क्षीण असतात. त्यांची खूण त्या जुन्या प्रकाशाच्या ध्रुवीभवनातच शोधावी लागते.